खारेपाटचा बाहेरकाठा

परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटविला आणि कोकणची भूमी वसविली, ही कथा कोकणातल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. ती श्रद्धेची गोष्ट आहे. परंतु अलिबाग व पेण या तालुक्यांत, धरमतर खाडीच्या दोन्ही अंगांना जो खारेपाट पसरला आहे, तेथे समुद्र मागे हटविण्याचे काम हाडामांसाच्या माणसांनी केले. त्यांच्या हाती बाण नव्हता. फावडे होते, टोपली होती, आणि पायाखाली खाडीचा चिखल होता. त्या चिखलातून त्यांनी जो बांध उभा केला त्याला खारेपाटात ‘बाहेरकाठा’ म्हणतात. ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार होऊन नवा कळस चढत असताना, त्या कळसाइतकाच गावाला आधार देणाऱ्या या मातीच्या बांधाची हकीकत नव्या पिढीपुढे यावी, हे उचितच होय.

बाहेरगावचा माणूस खारेपाटात पहिल्यांदा आला की त्याला भातशेतीचे सपाट रान दिसते, कडेने एक ओबडधोबड मातीची वरवंडी दिसते, आणि तिच्या पलीकडे तिवरांची झाडे दिसतात. त्या वरवंडीत पाहण्यासारखे काही आहे असे त्याला वाटत नाही. पण तोच माणूस पौर्णिमेच्या भरतीला बांधावर येऊन उभा राहिला, तर त्याच्या अंगावर काटा येतो. कारण तेव्हा एका बाजूला खाडीचे पाणी उंच असते आणि दुसऱ्या बाजूला भाताचे खाचर त्याहून खाली असते. मध्ये असतो तो एवढा मातीचा बांध. तो आहे म्हणून शेत आहे, आणि शेत आहे म्हणून गाव आहे.

भरतीचे गणित

बाहेरकाठा समजून घ्यायचा तर आधी भरती समजून घ्यावी लागते. समुद्राला दिवसातून दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी येते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सुमारे सव्वासहा तास जातात आणि दर दिवशी भरतीची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत जास्त चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी असतो, त्याला भांग म्हणतात. पावसाळ्यातील मोठ्या उधाणाला मुंबई बंदरात पाण्याची उंची साडेचार मीटरच्याही वर जाते, आणि त्याच समुद्राचे पाणी धरमतरच्या खाडीतून आत येते.

जुन्या माणसांना यासाठी छापील तक्ता लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे उधाणाची भरती येणार ती ऐन दुपारी आणि ऐन मध्यरात्री. बांधाला धोका असतो तो उधाणाच्या भरतीला. म्हणून खारेपाटातील माणसाने बांध राखला तो बहुतेक वेळा मध्यरात्री, भर पावसात, कंदिलाच्या उजेडात.

बांध कसा बांधीत

बांधाचे काम भात कापून, झोडून घरात आल्यावर निघे. नारळ फोडून कामाला हात घालावयाचा आणि मृगाच्या आत पुरे करावयाचे, अशी रीत होती. ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडला की चिकट चिखलाचे तुकडे कापून ते हातोहात बांधावर चढवीत. एक थर सुकून बसला की दुसरा थर. खाडीच्या बाजूचा उतार पसरट ठेवीत, म्हणजे लाटेचा मार उतारावर जिरतो. जेथे मार जास्त तेथे दगडाचे अस्तर लावीत. वाळूमिश्रित माती बांधात येऊ नये यावर जाणत्यांचा कटाक्ष असे, कारण वाळूतून पाणी पाझरते आणि पाझरता पाझरता माती घेऊन जाते.

सर्वांत कठीण काम म्हणजे खाडीच्या फाट्याचे तोंड बंद करणे. दोन्ही बाजूंनी बांध पुढे येत गेला की मधल्या अरुंद तोंडातून पाणी अधिकच जोराने धावते. म्हणून हे काम भांगाच्या दिवशी साधावयाचे. अष्टमीला सकाळी सहाला भरती झाली की दुपारी बाराला ओहोटी असते, आणि पुढची भरतीही बेताची असते. तेवढ्या काही तासांत खुंट ठोकून, पेंढा, फांद्या, दगड व चिखल टाकून ते तोंड मिटवावयाचे. घरटी एक माणूस असा हिशेब अशा दिवशी उरत नसे. बायका, मुले, म्हातारे सगळेच बांधावर येत. संध्याकाळच्या भरतीपर्यंत तोंड मिटले तर मिटले, नाही तर सारी मेहनत पाण्याबरोबर जात असे.

परंतु नुसता बांध घालून भागत नाही. डोंगराकडून येणारे पावसाचे पाणीही बाहेर गेले पाहिजे. नाही तर खाऱ्या पाण्यातून वाचलेले शेत गोड्या पाण्यात कुजावयाचे. याकरिता बांधात ‘उघाडी’ ठेवतात. उघाडी म्हणजे बाहेरच्या अंगाने झडप लावलेली मोरी. ओहोटी झाली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप बाहेर उघडते व पावसाचे पाणी खाडीत जाते. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने तीच झडप आपोआप मिटते. याला इंजिन लागत नाही की पहारेकरी लागत नाही. झडपेत ओंडका अडकलेला नसावा आणि फळ्या कुजलेल्या नसाव्यात, एवढे मात्र पाहावे लागते.

उधाण आणि अतिवृष्टी एकाच वेळी आली की या व्यवस्थेची खरी परीक्षा होते. बाहेर भरती, म्हणून उघाडी मिटलेली आणि आत पावसाचे पाणी चढत असलेले. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीला महापूर येऊन जांभूळपाड्यात अनेकांचे प्राण गेले. तीच अंबा पुढे धरमतर खाडीस मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच दिवशी समुद्रालाही मोठी भरती होती. खारेपाटाला पाण्याची भीती अशी दोन्ही अंगांनी आहे.

खाऱ्याचे गोडे करणे

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. बांध घातल्यावर लगेच पीक येत नाही. पावसाचे पाणी शेतात साठवावयाचे, मीठ विरघळू द्यावयाचे आणि ओहोटीला उघाडीवाटे सोडून द्यावयाचे. असे काही पावसाळे गेले की जमीन भाताला येते. तरीही उन्हाळ्यात खालचे मीठ वर येऊन जमिनीवर पांढरा थर धरते, आणि पहिल्या पावसांनी तो धुऊन गेल्याखेरीज पेरता येत नाही. अशा जमिनीत पूर्वी मोड आणलेले बी चिखलात फेकून पेरीत. काळा राता, भुरा राता ही खारे सोसणारी तांबड्या तांदळाची जुनी वाणे याच मातीतील. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही वाणे दिली.

चोहीकडे पाणी आणि प्यावयास पाणी नाही, ही खारेपाटची जुनी व्यथा. म्हणून गावोगाव तळी खणली गेली. तळ्यात पावसाचे पाणी राहिले आणि जिताडा वाढला. खारेपाटचा जिताडा पाहुण्याच्या ताटात पडतो तेव्हा त्यामागेही हा बांधच असतो.

खोत, शिलोत्री आणि चरीचा संप

हे बांध नेमके कोणी व केव्हा आरंभिले याची नोंद गावागणिक मिळत नाही. परंतु आंग्र्यांच्या अमदानीत आणि पुढे १८४० मध्ये कुलाबा संस्थान खालसा झाल्यावर इंग्रजी अमलातही, खाडीची जमीन लागवडीस आणणाऱ्यास कौल देऊन आरंभी साऱ्याची सूट देण्याची पद्धत होती. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये खाऱ्या भातजमिनींचे व त्यांच्या बांधांचे वर्णन आले आहे. त्यात पेण भागातील ‘शिलोत्री’ पद्धतीचीही माहिती आहे. शेतकऱ्यांनी जमिनीच्या मानाने धान्य द्यावे व शिलोत्रदाराने त्यातून बाहेरकाठा दुरुस्त राखावा, असे तिचे थोडक्यात स्वरूप होते. आतले लहान बांध ज्याचे त्याने पाहावयाचे, बाहेरचा मोठा बांध मात्र सर्वांच्या वर्गणीतून राखावयाचा.

या व्यवस्थेतील शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे. बांध एका ठिकाणी फुटला तरी पाणी बांधालगतच्या शेतापुरते थांबत नाही, ते साऱ्या खारीत पसरते. म्हणून ज्याचे शेत बांधापासून लांब त्यानेही धान्य दिलेच पाहिजे. ‘माझे शेत आत आहे, मला काय त्याचे’ असे म्हणण्याची मुभा या मातीने कोणालाही ठेवली नाही.

मात्र ही व्यवस्था गोरगरिबांना सुखाची होती असे समजू नये. बांधावर राबणारा कूळ होता आणि पिकाचा मोठा वाटा खोत-सावकाराच्या कोठारात जात होता. ज्याच्या घामाने खाडी मागे हटली, त्याचे नाव जमिनीला लागत नव्हते. या अन्यायाविरुद्ध २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे शेतकऱ्यांनी संपाचा निर्धार केला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २५ गावांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले. सहा वर्षांवर हा संप चालला. जमिनी पडीक राहिल्या, लोकांनी मासळी धरून व लाकडे विकून दिवस काढले, पण कोणी मागे फिरले नाही. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले व त्यांनी शेतकऱ्यांची बाजू उचलून धरली. १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयकही त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडले. १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला, १९४८ मध्ये कूळकायदा आला, १९४९ मध्ये खोती नष्ट करण्याचा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारा जमिनीचा मालक ठरला. खारेपाटातील शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर त्याचे नाव आले ते असे.

बांध कोणाचा?

खोत गेला हे योग्यच झाले. परंतु खोताबरोबर एक गोष्ट नकळत गेली. जमिनीचे शंभर तुकडे होऊन शंभर मालक झाले, पण बाहेरकाठा कोणाच्याच सातबाऱ्यावर चढला नाही. पूर्वी बांध फुटला तर दोष कोणाला द्यावयाचा हे ठाऊक होते. आता प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहावे अशी स्थिती झाली.

सरकारने ही अडचण ओळखली नव्हती असे नाही. १९४८ मध्ये मुंबई राज्याने खारभूमीचा कायदा करून खारभूमी विकास मंडळ स्थापिले आणि बांधांची कामे योजनेत घेतली. १९७९ मध्ये महाराष्ट्राने नवा खारभूमी विकास कायदा केला. त्यामुळे ठिकठिकाणी नवे बांध झाले, दगडी अस्तर आले, पक्क्या उघाड्या आल्या. ठाणे, कुलाबा (जो १९८१ पासून रायगड झाला) व रत्नागिरी या जिल्ह्यांतील पुष्कळ जमीन त्यामुळे राखली गेली, हे मान्य केले पाहिजे. मात्र काही योजना सरकारी झाल्या आणि काही खाजगीच राहिल्या. खाजगी योजनेला सरकारचा पैसा मिळणे अवघड आणि सरकारी योजनेला गावचा हात मिळणे अवघड, अशी दुहेरी अडचण उभी राहिली. ‘बांध सरकारचा आहे, सरकार पाहील’ असे गाव म्हणू लागले. सरकारी काम अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा या वाटेने येते. उधाण मात्र तिथीप्रमाणे येते, ते मंजुरीची वाट पाहत नाही.

बांध फुटतो तो एकदम फुटत नाही. चिंबोरी बीळ करते, उंदीर बीळ करतो. त्या बिळातून भरतीला बोटभर पाणी आत येते. ते पाणी स्वच्छ आले तर फार चिंता नाही. गढूळ आले तर समजावे की बांधाची माती त्याबरोबर वाहत आहे. तेवढ्यात दोन टोपल्या चिकण चिखल व मूठभर पेंढा ठासला तर काम भागते. दुसऱ्या उधाणापर्यंत राहिले तर पोटातली पोकळी वाढून वरची माती खचते, आणि तिसऱ्या उधाणाला खांड पडते. खांडीतून भरतीला पाणी आत व ओहोटीला बाहेर असे दिवसातून दोनदा जाऊ-येऊ लागले की ती रुंदावत जाते. दोन टोपल्यांचे काम मग लाखो रुपयांचे होते. म्हणूनच जुन्या काळी उधाणाच्या रात्री बांधावरून फेरी मारण्याची पाळी लावलेली असे. पाण्याचा आवाज बदलला की फेरीवाला हाक देई, आणि हाक ऐकून घरी बसणाऱ्याला गावकीत मान नसे.

खांड वेळेवर बांधली नाही तर पुढे काय होते हे खारेपाटात अनेक ठिकाणी पाहावयास मिळते. पहिल्या वर्षी पीक जाते. दुसऱ्या वर्षी जमीन खारावते. मग भरतीबरोबर तिवराचे बी शेतात येऊन रुजते आणि थोड्याच वर्षांत भाताच्या खाचरात कांदळवन उभे राहते. कांदळवन तोडण्यास मनाई आहे. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तसा आदेश दिला व २०१८ मध्ये अंतिम निकाल देऊन राज्यभरातील कांदळवनांना संरक्षण दिले. हे संरक्षण आवश्यकच आहे. बांधाच्या बाहेर उभे असलेले तिवर लाटेचा मार आपल्या अंगावर घेते, गाळ धरते आणि बांध वाचविते. जुन्या लोकांनी बाहेरचे तिवर कधी साफ केले नाही ते याचसाठी. परंतु तेच तिवर बांधाच्या आत शिरले की शेतकऱ्याचा हात बांधला जातो. सातबाऱ्यावर भातशेती आणि जागेवर खाडी, अशी ती जमीन होते. आजोबांनी संप करून मिळविलेली जमीन नातवाच्या हातून जाते, आणि ती खोताने घेतलेली नसते की सरकारने घेतलेली नसते. ती एका न बुजविलेल्या बिळाने घेतलेली असते.

मंदिर आणि बांध

मंदिराच्या जीर्णोद्धारात आणि बांधाच्या राखणीत एक साम्य आहे. दोन्ही कामे एकट्यादुकट्याने होत नाहीत. दोन्हींसाठी घरटी वर्गणी लागते व घरटी माणूस लागतो. फरक एवढाच, की मंदिराच्या कामात प्रत्येक देणगीदाराचे नाव संगमरवरी पाटीवर कोरले जाते, आणि बांधावर ज्यांनी जन्म घातला त्यांची नावे चिखलात मिसळून गेली. कोणत्या आजीने कितव्या टोपलीवर कंबर टेकली, कोणता तरुण खांडीत उतरून छातीभर पाण्यात खुंट धरून उभा राहिला, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. त्यांची नोंद म्हणजे आज उभे असलेले भाताचे पीक.

जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थच मुळी जीर्ण झालेल्याला पुन्हा उभे करणे असा आहे. मंदिर शंभर वर्षांनी जीर्ण होते, बांध दर पावसाळ्याला जीर्ण होतो. म्हणून बांधाचा जीर्णोद्धार दरवर्षी करावा लागतो, आणि त्याला मोठी देणगी लागत नाही. भात घरात आल्यावर गावकीने एक दिवस बांधावरून चालत जावे, बिळे व खचलेल्या जागा पाहाव्यात, उघाडीची झडप हलवून पाहावी. लहान काम असेल ते घरटी माणूस काढून करावे. मोठे असेल त्याचा अर्ज पावसाळ्याच्या तोंडावर न करता डिसेंबरातच करावा, अर्जासोबत गट नंबर व बाधित क्षेत्र लिहून द्यावे, ग्रामसभेचा ठराव जोडावा आणि पोच घ्यावी. मुंबई-पुण्याला नोकरीनिमित्त राहणाऱ्या ज्या बांधवांनी मंदिरासाठी सढळ हाताने दिले, त्यांचीही शेते याच खारीत आहेत. जत्रेला येतील तेव्हा त्यांनी मुलाबाळांना घेऊन देवदर्शनानंतर बांधापर्यंत एक फेरी मारावी.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करताना खारेपाटातील माणूस मनात एकच मागणे मागत आला आहे : ‘तू तुझ्या जागी राहा, आम्ही आमच्या जागी राहतो.’ समुद्र आपला शब्द तिथीप्रमाणे पाळतो. उधाणाला येतो, बांधाला टेकतो आणि परत जातो. आपला शब्द पाळण्याची बुद्धी व बळ ग्रामदैवताने सर्व ग्रामस्थांस द्यावे, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.